स्पॅनिशमध्ये ‘फेल होणे’ कसं म्हणायचं? परीक्षेत नापास होणं, ब्रेक फेल होणं, बेत फसणं, सगळीकडे ‘फ्राकासार’ चालेल का?

नाही, चालणार नाही. परीक्षा, ब्रेक आणि बेत या तिन्हींसाठी तुम्ही एकच क्रियापद शोधताय, कारण मनात इंग्रजीतलं ‘फेल’ आहे. मी स्पॅनिश शिकवते आणि मुलांना आधी मराठीत वाक्य करायला लावते. आपण परीक्षेत नापास होतो, बेत फसतो, ब्रेक निकामी होतात, धंदा बुडतो. स्पॅनिशमध्येही साधारण अशाच वाटण्या आहेत.

परीक्षेचं क्रियापद देशागणिक बदलतं. स्पेनमध्ये १० पैकी ५ च्या खाली गुण मिळाले की ‘सुस्पेन्देर’. ‘ए सुस्पेन्दिदो मातेमातिकास’ म्हणजे मी गणितात नापास झालो. आपल्या ‘गणितात’मधला ‘त’ इथे येत नाही, विषय थेट कर्म होतो. सरांनी नापास केलं, हे सांगायलाही हेच क्रियापद: ‘एल प्रोफेसोर मे आ सुस्पेन्दिदो’. मेक्सिकोत मात्र ‘रेप्रोबार’ म्हणा, कारण तिथे ‘सुस्पेन्देर’ म्हटलं की तास रद्द होणं किंवा शाळेतून काही दिवस काढून टाकणं मनात येतं. पेरूमध्ये ‘मे खालारोन’, अर्जेंटिनात ‘मे बोचारोन’ अशी आपल्या ‘दांडी उडाली’सारखी बोलीतली रूपं आहेत. समोरचा कुठला हे माहीत नसेल तर ‘नो आप्रोबे’, म्हणजे ‘मी पास झालो नाही’, म्हणा; सगळीकडे समजतं.

भरवशाची गोष्ट ऐन वेळी दगा देते तिथे ‘फायार’. ‘फायारोन लोस फ्रेनोस’, ब्रेक निकामी झाले. ‘मे फाया ला मेमोरिया’, मला स्मरणशक्ती दगा देते. इथे कर्ता ‘मी’ नसून स्मरणशक्ती आहे, आणि ‘मला आठवत नाही’ म्हणणाऱ्या मराठी माणसाला ही रचना लगेच उमगायला हवी. माणसालाही म्हणतात: ‘नो मे फायेस’, मला तोंडघशी पाडू नकोस. फुटबॉलमध्ये पेनल्टी हुकली तरी ‘फायार’च.

‘फ्राकासार’ वजनदार आहे. योजना, वाटाघाटी, संसार, एखाद्याची सगळी धडपड फसली तर ते शोभतं. घटक चाचणीसाठी वापरलंत तर ऐकणाऱ्याला वाटेल, आयुष्यच वाया गेलं.

सगळ्यात जास्त चुका मात्र ‘प्रयत्न केला पण जमलं नाही’ इथे होतात. तिथे अपयशाचं क्रियापद मुळीच नको. ‘नो लोग्रे कोन्वेन्सेर्लो’, मला त्याला पटवता आलं नाही. ‘लोग्रार’ किंवा ‘कोन्सेगीर’पुढे मूळ क्रियापद थेट ठेवायचं, मध्ये शब्दयोगी काही नाही. आणि कुणी नुसतं आलंच नसेल, तर ‘नो बीनो’, तो आला नाही, एवढंच पुरे.

कंपनीचं दिवाळं निघालं तर ‘केब्रार’. मूत्रपिंड निकामी होणं म्हणजे ‘इन्सुफिसिएन्सिया रेनाल’. आणि ‘फायेसेर’ हे ‘फायार’सारखं ऐकू आलं तरी त्याचा अर्थ निधन होणे असा आहे, ते इंजिनासाठी वापरू नका.