दुनळी राहू द्या, आधी त्या ‘एफडी’ची पावती काढा

भांडुपच्या एका वाचकाचं पत्र, थोडक्यात: “वय 38, हातात पगार 85 हजार. घराचं कर्ज 38 लाख बाकी, हप्ता 34 हजार. बायको घर सांभाळते, मुलगी सहा वर्षांची. रत्नागिरीकडे गावी भातशेती आहे, रानडुकरांनी हैराण केलंय. एका दुकानात जुनी इंग्लिश बारा बोअरची दुनळी बंदूक 1 लाख 60 हजारांना मिळतेय. 20 हजार टोकन दिलं, परवान्याचा अर्ज आता करतोय. त्यासाठी 2 लाखांची एफडी मोडू का? दुकानदार म्हणतो, पाच वर्षांत दुप्पट होईल. बाकी बचतीची चिंता नाही. बँकेतून गॅरंटीड एफडी घेतली आहे: वर्षाला 1 लाख, 10 वर्षं, 15 व्या वर्षी साडेपंधरा लाख. वर 10 लाखांचा विमा फुकट.”

बंदुकीचं आधी उरकतो. परवाना हातात नसताना टोकन म्हणजे बाजारात तुरी. मुंबईकराला परवाना पोलिस आयुक्त देतात; शेत तिकडे आणि तुम्ही भांडुपला, हे त्यांना पटवावं लागेल. परवाना मिळाला तरी वनखात्याच्या परवानगीशिवाय डुकरावर गोळी झाडता येत नाही. निवडणूक लागली की बंदूक पोलिस ठाण्यात जमा करण्याची नोटीस येऊ शकते. तोवर भात डुकरांचं.

दुप्पट? म्हणजे वर्षाला जवळजवळ पंधरा टक्के. सर्वसामान्यांना परदेशी बंदूक आयात करणं ऐंशीच्या दशकापासून बंद आहे, जुनेच नग हातोहात फिरतात, म्हणून भाव चढा असतो हे खरं. पण विकायला निघालात की गिऱ्हाईकही परवानेवालंच शोधावं लागतं. आणि हिचा चेंबर, म्हणजे नळीत काडतूस बसतं ती जागा, केवढा ते विचारलंत? जुन्या इंग्लिश दुनळ्यांचा चेंबर बरेचदा अडीच इंची असतो, आजची काडतुसं बहुतेक पावणेतीन इंची. काडतूस आत बसतं, म्हणून फसायला होतं. उडताना त्याचं तोंड उलगडायला जागा नसते आणि दाब वाढतो. जाणत्या कारागिराने मोजल्याशिवाय ती नळी खांद्याला लावू नका.

आता तुम्ही न विचारलेलं. तुमची ती ‘गॅरंटीड एफडी’ म्हणजे एफडी नाही हो! बँकेच्या टेबलावर विकलेली विमा पॉलिसी आहे. एफडीला दरवर्षी हप्ता भरायला लागतो का? 10 लाख भरून साडेपंधरा म्हणजे “55 टक्के फायदा” असं तुम्हाला सांगितलं असणार. हिशोब केला तर वर्षाला सव्वाचार टक्के पडतात. हेच पैसे पीपीएफमध्ये, 7.1 टक्के दर टिकला तर, 15 व्या वर्षी 21 लाखांच्या घरात जातात. साडेपाच लाखांचा फरक, त्याच माणसाला, त्याच हप्त्यात. फुकटचा विमा तो हाच.

त्याहून वाईट म्हणजे 38 लाखांचं कर्ज आणि विमा 10 लाखांचा. उद्या तुम्हाला काही झालं तर 28 लाख कोण फेडणार? बायकोला घर विकावं लागेल. वर तुम्ही घरातली एकुलती एक रोकड मोडायला निघालात. हप्ता धरून महिन्याचा खर्च 70 हजार मानला तर 2 लाख म्हणजे जेमतेम तीन महिने. टोकन वजा जाता 1 लाख 40 हजार दिलेत की उरले 60 हजार, एक महिनासुद्धा नाही. 2 लाखांच्या एफडीला हात लावू नका.

पॉलिसी किती वर्षं भरलीत ते तुम्ही लिहिलेलं नाही. कंपनीकडून दोन आकडे लेखी मागा: आज सोडली तर किती, आणि हप्ते थांबवून पेड-अप ठेवली तर शेवटी किती. त्याआधी रागाच्या भरात काही बंद करू नका. कधीकधी पेड-अप ठेवणं सोडण्यापेक्षा परवडतं.

टर्म, म्हणजे फक्त मृत्यूनंतर पैसे देणारा साधा विमा, मात्र आधी घ्या. 1 कोटीचा, साठीपर्यंत. तंबाखू नसेल तर वर्षाला 15 ते 20 हजार. सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक विम्यावर जीएसटीही नाही. तंबाखू असेल तर फॉर्मात लपवू नका.

दुकानदाराकडे टोकन परत मागा, आजच, लेखी. ते 20 हजार आले की टर्मचा पहिला हप्ता तिथूनच निघतो.