वाचकांचे प्रश्न : पुदिना, लिंबू आणि कडवटपणा

प्रश्न : उन्हाळ्यात संध्याकाळी मित्र जमले की मी घरी मोहितो करतो. पुदिना, लिंबाच्या फोडी आणि साखर खलबत्त्यात चांगली कुटून घेतो आणि त्यावर पांढरी रम व सोडा ओततो. वास सुरेख येतो, पण दोन घोटांनंतर जीभ कडवट होते आणि पानांचे बारीक तुकडे दातांत अडकतात. काय चुकत असावे?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : खलबत्ता आधी बाजूला ठेवावा. पुदिन्याचा सुगंध ज्या तेलात असतो, ते तेल पानाच्या पृष्ठभागावरील अतिसूक्ष्म ग्रंथींमध्ये साठलेले असते आणि या ग्रंथी हलक्या दाबानेही फुटतात. आपण पान कुटता तेव्हा सुगंध केव्हाच सुटलेला असतो. पुढच्या प्रत्येक घावाबरोबर पानाच्या आतल्या पेशी फुटून हिरवट, गवतासारख्या चवीचा कडू रसच तेवढा पेल्यात उतरतो. साखरेचे खडे त्यात भर घालतात, कारण दाबाखाली ते पाने फाडतात. लिंबाच्या फोडी सालीसकट चेचल्यास सालीखालचा पांढरा भाग आणि बियाही आपापला कडूपणा देऊन जातात.

मूळ क्यूबातले, हवानाचे म्हणून ओळखले जाणारे हे पेय खरे तर फारशी मेहनत मागत नाही. एका उंच पेल्यासाठी 45 मिली पांढरी रम, 20 मिली लिंबाचा रस, दोन चमचे साखर आणि पुदिन्याचे पाच-सहा कोवळे शेंडे पुरतात. कागदी लिंबू ओट्यावर तळहाताखाली दाबून फिरवावे, मग चिरून रस काढावा आणि गाळून घ्यावा. साखर प्रथम या रसात पूर्ण विरघळवावी, कारण थंड रममध्ये ती नीट विरघळत नाही आणि तळाशी साचून राहते. नंतर पाने घालून लाटण्याच्या बोथट टोकाने तीन-चार वेळा नुसती दाबावीत. पान अखंड राहिले पाहिजे. ते थोडे काळपट दिसले आणि वास वर आला की थांबावे. मग रम, पेला भरेल इतका बर्फ आणि सर्वांत शेवटी सोडा घालून लांब चमच्याने तळापासून एकदाच ढवळावे. सजावटीचा शेंडा दोन तळहातांमध्ये धरून एक टाळी वाजवल्यासारखा दाबला आणि वर खोचला, तर पेला तोंडाजवळ नेतानाच सुगंध येतो.

क्यूबात यासाठी वापरला जाणारा पुदिना आपल्या बाजारातल्या पुदिन्यापेक्षा सौम्य असतो, त्यामुळे जुडीतली मोठी, जून पाने चटणीसाठी ठेवावीत. गडद रम मात्र येथे टाळावी, तिच्या जळक्या साखरेसारख्या चवीपुढे पुदिना टिकत नाही. आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे : 45 मिली म्हणजे दीड छोटा पेग होतो, आणि गोड-आंबट चवीखाली तो जाणवत नाही. मद्याने लघवीचे प्रमाण वाढते, त्यामुळे उन्हातून आल्या आल्या तहान भागवण्यासाठी हे पेय घेऊ नये; सोबत साधे पाणी ठेवावे. महाराष्ट्रात मद्यासाठी परवाना लागतो आणि रमसारख्या कडक मद्यासाठी वयाची अट 25 वर्षांची आहे, हे यजमानांनी लक्षात ठेवावे.

प्रश्न : घरगुती समारंभाला वीसेक पाहुणे येणार असून त्यांतील निम्मे मद्य घेत नाहीत. पुदिना, लिंबू व मोसंबीचे पेय सकाळीच करून ठेवता येईल का?
— एक वाचिका, नाशिक

उत्तर : मोसंबीचा रस तरी सकाळी काढू नये. त्यात ताजेपणी कडू न लागणारा एक घटक असतो आणि रस काढल्यानंतर आम्लामुळे त्याचे हळूहळू लिमोनिन या कडू पदार्थात रूपांतर होते. सकाळी गोड लागलेला रस रात्री कडवट लागतो, त्यात फळवाल्याचा दोष नसतो. लिंबाचा रस दुपारी काढून फ्रीजमध्ये ठेवला तर चालेल. सकाळी फक्त पाक करावा : 250 ग्रॅम साखर 250 मिली पाण्यात विरघळवून गॅस बंद करावा, कोमट झाल्यावर मूठभर पुदिना त्यात वीस मिनिटे बुडवून ठेवावा आणि गाळून घ्यावा. पुदिना पाकाबरोबर उकळल्यास सुगंध स्वयंपाकघरातच उडून जातो.

नुसती रम वगळून सोडा वाढवला की पेय पचपचीत होते, कारण रमचा तिखट झटका नाहीसा होतो. ती उणीव आल्याने भरून निघते. एका पेल्याला 60 मिली मोसंबीचा रस, 20 मिली लिंबाचा रस, 15 मिली पाक, अर्धा चमचा आल्याचा रस आणि चिमूटभर काळे मीठ घेऊन वर सोडा ओतावा. मिठामुळे उरलासुरला कडवटपणाही कमी जाणवतो. मोसंबी घातली तरी दोन्ही पेये पेल्यात बरीचशी सारखी दिसतात, म्हणून मद्याचे पेय वेगळ्या टेबलावर, वेगळ्या आकाराच्या पेल्यांत आणि मुलांच्या हाताला लागणार नाही असे ठेवावे.

प्रश्न : गोव्यात मिळणाऱ्या उराकमध्ये पुदिना चालेल का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : चालेल, पण दोनच पाने घालावीत. काजूच्या बोंडांच्या आंबवलेल्या रसापासून पहिल्या ऊर्ध्वपातनात निघणारे उराक फेणीपेक्षा सौम्य असले तरी त्याला बोंडांचा स्वतःचा ठसठशीत वास असतो, आणि पुदिना अधिक झाला तर दोन्ही वास एकमेकांशी भांडतात. गोव्यात ते लिंबाच्या चवीचे सोडापेय, मीठ आणि उभी चिरलेली हिरवी मिरची घालून घेतात. माझे मत विचाराल तर मिरचीच अधिक जमते. उराक साधारण मार्च ते मे या काळातच मिळते आणि फार दिवस ठेवण्यासारखे नसते, त्यामुळे ते हंगामातच, तेथेच घ्यावे.