सूत सारखं तुटतंय म्हणून चरखा घ्यावा का?

टांगत्या टकळीवर (सुतालाच लटकत फिरणाऱ्या कातायच्या चातीवर) कापूस कातायला घेतलात, सूत वीतभर झालं की तुटतं आणि टकळी जमिनीवर आदळते, तेव्हा सरळ चरखाच घ्यावा का, असं तुम्ही विचारलंय. माझं मत, आत्ता नको. चरख्यावर पीळ कितीतरी भराभर बसतो. हात तयार नसताना तोच गोंधळ जास्त वेगानं होईल, एवढाच फरक.

आधी तुटलेलं टोक नीट बघा. तंतू झुपक्यासारखे मोकळे सुटलेले दिसले, तर पीळ कमी पडला आणि तंतू एकमेकांवरून घसरून निघून गेले. टोक कडक असेल आणि सूत जरा सैल सोडताच आपल्याच अंगावर वळून त्याला गाठी पडत असतील, तर पीळ जास्त झालाय. नवख्यांच्या हातून बहुतेक वेळा पहिलंच होतं. तुमचंही वर्णनावरून तसंच वाटतं.

त्यात तुम्ही सुरुवातच अवघड बाजूनं केलीत. कापसाचा तंतू जेमतेम अडीच-तीन सेंटीमीटरचा. एवढ्या आखूड तंतूंना धरून ठेवायला पीळ भरपूर लागतो आणि तो बसायच्या आत टकळीचं वजन सूत ओढून तोडतं. म्हणून कापसाची टकळी हलकी असते आणि तिचं टोक वाटीत किंवा बशीत टेकवून फिरवतात. सुतावर भार येतच नाही. टांगतीच टकळी वापरायची असेल तर लोकर घ्या. तिचा तंतू सात-आठ सेंटीमीटर किंवा त्याहून लांब असतो, शिवाय खवल्यांमुळे एकमेकाला धरून राहतो. तीस-चाळीस ग्रॅमची टकळी ती सहज पेलते.

आता मुख्य गोष्ट. पीळ देणं आणि तंतू ओढणं ही दोन कामं सध्या एकाच वेळी करू नका. टकळी फिरवा, सुतात पीळ भरू द्या, मग ती गुडघ्यांत धरून थांबवा. टकळीकडच्या हाताच्या चिमटीनं पीळ अडवून ठेवा आणि दुसऱ्या हातानं पेळू (कातायला तयार केलेली तंतूंची सैल वळी) हलकेच मागे ओढा. तंतू हवे तेवढे विरळ झाले की चिमूट त्यांच्यावरून पेळूच्या दिशेनं सरकवा. मागोमाग पीळ धावत येतो आणि डोळ्यांदेखत सूत होतं. चिमटीच्या पलीकडे, पेळूत पीळ शिरला की संपलं, मग कितीही ओढा, तंतू हलत नाहीत.

दोन हातांतलं अंतर तंतूच्या लांबीपेक्षा थोडंसंच जास्त ठेवा. कमी ठेवलंत तर एकाच तंतूची दोन्ही टोकं तुमच्याच हातांत राहतात आणि आपण स्वतःशीच रस्सीखेच खेळत बसतो. फार जास्त झालं तर पेळूचे सरळ दोन तुकडे. बरेच जण पेळू भीतीनं मुठीत आवळतात. तो बोटांवर नुसता टेकलेला हवा.

सूत जाडबारीक होणारच. पीळ नेहमी बारीक जागी आधी जाऊन बसतो, म्हणून जाड जागा पोकळच राहते. तिथं आणखी पीळ कोंबू नका, बारीक जागाच कडक होऊन तुटेल. जाड जागेच्या दोन्ही बाजूंना धरा, थोडं उलटं फिरवून पीळ मोकळा करा आणि ओढा.

तुटलं तर गाठ मारायची नाही. टोकाचा पीळ चार-पाच सेंटीमीटर उकला, त्यावर पेळूचे मोकळे तंतू पसरा आणि दोन्ही एकत्र पिळा. (पहिलं सूत कितीही ओबडधोबड झालं तरी टाकू नका, दोन पदरी केल्यावर त्यातलं बरंचसं झाकलं जातं.)

दोन पदर एकत्र वळताना टकळी उलट्या दिशेनं फिरवायची. पीळ पुरेसा आहे का हे बघायला ताज्या सुताचा हातभर तुकडा दुमडून सैल सोडा. तो स्वतःभोवती जसा वळेल, साधारण तसंच तुमचं दोन पदरी सूत होणार. मग लडी करून चार ठिकाणी सैल बांधा. लोकर असेल तर कोमट पाण्यात भिजवून, न चोळता दाबून पाणी काढा आणि टांगून वाळवा. गरम पाण्यात चोळलीत तर तंतू एकमेकांत अडकून तिचा घट्ट नमदा होईल. कापसाचं सूत मात्र खुशाल उकळा, पीळ छान बसतो.

पेळूचा फोटो टाकता आलं तर टाका. घट्ट दाबला गेलेला पेळू आधी हातानं उकलून मोकळा करावा लागतो, आणि तुमची अर्धी अडचण तिथंच असण्याची शक्यता आहे.