अर्धवट बांधलेली वीजकेंद्रं रद्द का केली?

प्रश्न : चीनने २०१७ मध्ये बांधकाम सुरू असलेले कोळसा वीजप्रकल्पही रद्द केले. एवढा पैसा पाण्यात का घातला?

उत्तर : जानेवारी २०१७ मध्ये १३ प्रांतांतले शंभरावर प्रकल्प थांबवले गेले, क्षमता सुमारे १२० गिगावॉट. घोळ २०१४ अखेरचा. मंजुरीचा अधिकार प्रांतांकडे गेला आणि त्यांनी परवान्यांची खैरातच केली. मागणी मात्र मंदावलेली. वर्षाचे तास ८७६०. २०१६ मध्ये औष्णिक संच, पूर्ण क्षमतेने चालवल्याच्या हिशेबाने, सरासरी जेमतेम ४१६५ तास चालले. वीज निम्म्याहून कमी, कर्जाचा हप्ता मात्र पूर्ण! नवा संच जुन्याचेच तास खाणार, म्हणून थांबवणंच स्वस्त. अर्थात ‘रद्द’ या शब्दावर फार विसंबू नका : २०१८ मधल्या उपग्रहचित्रांत थांबवलेल्यांपैकी काही ठिकाणी काम चालूच दिसलं.