ओल्या हवेत कोरडा पुरावा

गुन्ह्याच्या घटनास्थळावर काम करण्याचा सराव कसा करावा, याबद्दल आलेल्या पत्रांतले पाच प्रश्न या अंकात घेतले आहेत. ठाणे आणि नवी मुंबईच्या पत्रांत एक तक्रार सारखी येते: पुस्तकात सांगितल्याप्रमाणे केलं, तरी नमुना बिघडला. बहुतेकदा दोष हवेतल्या ओलीचा असतो, म्हणून सुरुवात तिच्यापासून.

प्रश्न : एम.एस्सी.च्या प्रात्यक्षिकात फरशीवरच्या वाळलेल्या रक्ताचे स्वॅब (काडीच्या टोकावरच्या कापसाने टिपलेले नमुने) घेतले, अर्धा तास पंख्याखाली ठेवले आणि पाकिटात भरले. तीन आठवड्यांनी उघडले तर तीनपैकी दोन स्वॅबवर काळी बुरशी. काय चुकलं?
*एक विद्यार्थिनी, कळवा*

पहिली चूक बहुधा वाळवण्याच्या आधीच झाली. स्वॅब ओला करायला डिस्टिल्ड वॉटरचे एक-दोन थेंब पुरतात. बाटलीत बुडवून काढलेला स्वॅब डाग उचलत नाही, पसरवतो, आणि पाणी कापसाच्या गाभ्यापर्यंत मुरतं. जुलैत ठाण्याच्या हवेतली आर्द्रता दिवसचे दिवस ८५-९० टक्क्यांच्या घरात असते. पंखा लावला तरी तीच दमट हवा खोलीभर फिरते, आणि तिच्यासोबत धूळ व कोणाचे तरी केस. कापूस बोटाला कोरडा लागतो, गाभा ओला राहतो. बंद पाकिटात जिवाणू आणि बुरशी वाढतात, त्यांची विकरं (एन्झाइम) डीएनएचे तुकडे करतात. म्हणजे बुरशी डोळ्यांना दिसायच्या कितीतरी आधी नमुना खालावलेला असतो. जे दोन स्वॅब काळे पडले ते तर गेलेच, तिसराही चांगला असेल असं धरून चालू नका.

ओलसर टोक डागाच्या सर्वांत गडद भागावर, टोक फिरवत, शक्य तितक्या छोट्या जागेत घासा. मग त्याच जागेवरून दुसरा, कोरडा स्वॅब फिरवा. पहिल्याने सुटं केलेलं रक्त आणि मागे राहिलेलं पाणी तो टिपून घेतो. शेजारच्या, डाग नसलेल्या फरशीचा तशाच ओल्या स्वॅबने तिसरा नमुना घ्या. हा नियंत्रण नमुना विद्यार्थी हमखास विसरतात, आणि फरशी पुसायच्या फिनेलचा परिणाम होता का, हे सांगणारा दुसरा साक्षीदार नसतो.

वाळवण्यासाठी घट्ट झाकणाचा डबा घ्या. तळाला २०० ग्रॅम नारंगी सिलिका जेल, त्यावर जाळी, जाळीवर स्वॅब उभे राहतील असा स्टँड. टोकं एकमेकांना किंवा डब्याला लागता कामा नयेत. एका डब्यात एकाच जागेचे नमुने ठेवा. संशयिताचे आणि पीडिताचे नमुने कधीही एकत्र नाहीत. सिलिका हिरवट पडली की तिने पाणी भरपूर घेतलंय, बदला. हेअर ड्रायर आणि ऊन दोन्ही वर्ज्य: उष्णता आणि अतिनील किरण ज्याला जपायचंय त्यालाच मारतात.

स्वॅब खरोखर वाळला का, हे शिकण्यासाठी एक प्रयोग सगळ्या वर्गाकडून करून घ्यावा. सरावाचा स्वॅब ०.००१ ग्रॅमपर्यंत मोजणाऱ्या काट्यावर ठेवा, वजन लिहा, तासाभराने पुन्हा ठेवा. वजन उतरत असेल तोवर तो ओला आहे. एक स्वॅब पंख्याखाली, एक सिलिकाच्या डब्यात, असे दोन्ही आकडे शेजारी मांडले की पुन्हा कोणी अर्ध्या तासात पाकीट बंद करत नाही. खऱ्या मुद्देमालावर मात्र हा प्रयोग करायचा नाही.

पाकीट कागदाचंच. लेबल आधी लिहा, स्वॅब नंतर भरा. पाकिटाचा डिंक थुंकी लावून ओला करू नका, तुमचा डीएनए आत जातो. आणि पावसाळ्यात तो डिंक आपोआप उकलतोही, म्हणून घडीवर टेप लावून टेपवरून कागदापर्यंत जाईल अशी सही करा. लाखेचं सील लावताना वितळलेली लाख स्वॅबच्या टोकापासून लांबच्या बाजूला पडू द्या.

प्रश्न : सरावासाठी कॉलेजने दहा बाय बाराची खोली दिली आहे. रक्त कोणतं वापरावं? आणि घटनास्थळ कसं उभं करावं?
*एक प्राध्यापिका, वाशी*

लाल शाई नको. ती रक्तासारखी वाळत नाही, फुटत नाही, चाचणीलाही उतरत नाही. माणसाचं रक्तही नको, संसर्गाचा धोका नाहक ओढवून घेऊ नका. खाटकाकडून बकऱ्याचं ताजं रक्त घ्या, पण डबा रिकामा नेऊ नका. ५० मिली डिस्टिल्ड वॉटरमध्ये १.६ ग्रॅम ट्रायसोडियम सायट्रेट विरघळवून ते डब्यात घाला आणि त्यावर ४५० मिली रक्त घ्या. डबा हलकेच उलटसुलट करा. खळखळून हलवलं तर फेस येतो आणि तांबड्या पेशी फुटतात. फ्रिजमध्ये ४ अंशांवर ठेवून तीन-चार दिवसांत संपवा, शिंतोड्यांच्या सरावाआधी ३७ अंशांपर्यंत कोमट करा. थंड रक्त दाट असतं, थेंब वेगळे पडतात. सायट्रेट घातलेलं रक्त गोठत नाही, म्हणून वाटीभर रक्त सायट्रेटशिवाय वेगळं ठेवा. गुठळी आणि तिच्याभोवती सुटणारं पिवळसर पाणी मुलांनी स्वतः पाहिलं पाहिजे, कारण रक्त सांडून बराच वेळ झाल्याची ती खूण आहे.

थेंबाचा कोन शिकवताना पुठ्ठा उभ्या रेषेशी ३० अंशांचा कोन करेल असा तिरका धरून थेंब सोडा. डागाची रुंदी भागिले लांबी म्हणजे कोनाची ज्या (साइन). रुंदी ४ मिमी, लांबी ८ मिमी, भागाकार ०.५, कोन ३० अंश. ज्यांचं उत्तर २० अंशांच्या आसपास येतं त्यांनी डागाची शेपटीही लांबीत मोजलेली असते. लंबगोल जिथे संपतो तिथेच पट्टी थांबवा.

डाग रक्ताचा असू शकतो का हे पाहणाऱ्या फेनॉल्फ्थॅलीनच्या चाचणीत क्रम पाळा: स्वॅबवर एक थेंब अल्कोहोल, एक थेंब अभिकर्मक (फेनॉल्फ्थॅलीनचं द्रावण), थोडं थांबा, मग एक थेंब ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड. काही सेकंदांत गुलाबी झालं तर रक्त असण्याची शक्यता. पेरॉक्साइडच्या आधीच गुलाबी झालं तर दुसरा ऑक्सिडीकारक पदार्थ आहे. अर्ध्या मिनिटानंतर आलेला रंग धरू नका, तो हवेमुळेही येतो. बकऱ्याचं रक्तही गुलाबीच होतं, म्हणून अहवालात ‘मानवी रक्त’ लिहिणाऱ्याचे गुण कापा. खोली नंतर हायपोक्लोराइटने (ब्लीचने) धुवाल, पण त्याच फरशीवर लगेच ल्युमिनॉल (रक्ताला लागलं की अंधारात चमकणारं रसायन) मारू नका. ब्लीचमुळे सगळी फरशी उजळते आणि कोणाला काही कळत नाही.

खोलीत आठ-दहाच वस्तू ठेवा, प्रत्येकीची दोन पक्क्या बिंदूंपासूनची अंतरं तुमच्या वहीत आधी लिहून ठेवा. चौघांची तुकडी करा: छायाचित्रं, नकाशा, नमुने, नोंदी, पुढच्या फेरीत कामं बदला. ज्यांना विषयाची काही कल्पना नाही असे दोघे पंच म्हणून उभे करा. एक गोष्ट मुद्दाम बिघडवा: तुकडी आत असताना कोणाला तरी सहज येऊन पंखा लावायला सांगा. केस आणि धागे कुठे गेले, हे शोधताना जे शिकलं जातं ते फळ्यावर शिकवता येत नाही.

प्रश्न : नव्या कायद्यानंतर जप्तीचं चित्रीकरण आम्ही मोबाइलवर करतो. तरी बचाव पक्षाकडून शंका काढल्या जातात. सराव कशाचा करावा?
*एक पोलीस उपनिरीक्षक, नवी मुंबई*

भारतीय नागरिक सुरक्षा संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे. तिच्या कलम १०५ प्रमाणे झडती आणि जप्तीचं चित्रीकरण करून ते विनाविलंब दंडाधिकाऱ्यांकडे पाठवायचं असतं. कलम १७६(३) प्रमाणे सात वर्षं किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत फॉरेन्सिक तज्ज्ञाने घटनास्थळी येणं राज्याने टप्प्याटप्प्याने बंधनकारक करायचं आहे, त्यामुळे आता तुमच्या शेजारी तज्ज्ञ उभा असेल असं धरूनच सराव करा.

शंका निघते ती सहसा एकाच क्षणावरून. वस्तू दिसते, पाकीट दिसतं, पण वस्तू पाकिटात जाताना कॅमेरा पंचांच्या चेहऱ्याकडे वळलेला असतो. म्हणून सरावात एकच नियम घोटून घ्या: वस्तू उचलल्यापासून टेपवर सही होईपर्यंत ती चौकटीबाहेर जाता कामा नये. चित्रण करणाऱ्याने दुसरं कोणतंही काम करायचं नाही, सूचनाही द्यायच्या नाहीत. सुरुवातीला तारीख, वेळ, ठिकाण आणि हजर असलेल्यांची नावं मोठ्याने सांगा. पंचनाम्यातला वस्तूंचा क्रम आणि चित्रणातला क्रम एकच ठेवा. बाहेर पडण्यापूर्वी फाइलचं हॅश मूल्य (फाइलमधल्या मजकुरावरून संगणकाने काढलेला, तिच्या बोटाच्या ठशासारखा आकडा) काढून नोंदवा, कारण नंतर प्रत बदलली नाही हे दाखवायला तोच आधार उरतो.

प्रश्न : ऐरोलीच्या खाडीकाठी बुटांच्या ठशांचे साचे घेण्याचा सराव केला. डेंटल स्टोन (दातांच्या साच्यांसाठी वापरतात ती जिप्समची पूड) वापरला, तरी साचे उचलताना तुटले.
*एक प्रशिक्षणार्थी, ऐरोली*

पाणी कुठलं वापरलंत? खाडीचं असेल तर उत्तर तिथेच आहे. थोडं मीठ जिप्समला लवकर घट्ट करतं, मिश्रण ठशाच्या कोपऱ्यांत पोचायच्या आत जमतं. नळाचं पाणी घरूनच न्या. दुसरा संशय पिशवीवर: पावसाळ्यात उघडी राहिलेली डेंटल स्टोनची पिशवी हवेतलं पाणी पिऊन खराब होते. गुठळ्या दिसल्या तर ती फेकून द्या.

बुटाच्या एका ठशाला साधारण ९०० ग्रॅम पूड आणि ३०० मिली पाणी. झिपच्या पिशवीत तीन-चार मिनिटं मळा, उत्तप्प्याच्या पिठाइतकं सैल झालं पाहिजे. ठशावर थेट ओतू नका, बाजूच्या मातीवर ओतून आत वाहू द्या. उंचावरून पडलेल्या धारेने नक्षी मोडते. जाडी दीड-दोन सेंटिमीटर तरी हवी. ठशात पाणी साचलं असेल तर उपसू नका, कोरडी पूड चाळणीने हळूहळू पाण्यात सोडा आणि मग वरून थोडं घट्ट मिश्रण घाला. घट्ट होण्याआधी काडीने पाठीवर तारीख आणि क्रमांक कोरा. उन्हाळ्यात अर्ध्या तासाने साचा उचलता येतो, पावसाळ्यात तासभर थांबा. चिकटलेला चिखल तिथेच घासू नका. साचा पुठ्ठ्याच्या खोक्यात ४८ तास वाळू द्या. आणि ओतण्याच्या आधी छायाचित्र: कॅमेरा ठशाच्या बरोबर वर काटकोनात, पट्टी ठशाच्या पातळीत, उजेड एका बाजूने तिरका. भरतीची वेळ आधीच पाहून ठेवा.

प्रश्न : आमच्या इमारतीत काही गंभीर घडलं, तर पोलीस येईपर्यंत सोसायटीने काय करावं?
*एक सचिव, घोडबंदर रोड*

माणूस जिवंत असेल तर बाकी सगळं बाजूला. १०८ ला फोन करा आणि त्याला हलवावं लागलं तर हलवा, फक्त कुठून हलवलं ते लक्षात ठेवा. मग ११२. दार ओढून घ्या आणि बाहेर एकाच माणसाला उभं करा. आत कोण कोण गेलं, किती वाजता, कशाला हात लावला, ते कागदावर उतरवा. दिवे, पंखे, नळ, फोन जसे आहेत तसेच राहू द्या. जिना धुवायला आलेल्याला परत पाठवा. सीसीटीव्हीच्या डीव्हीआरवरची (चित्रण साठवणाऱ्या यंत्रावरची) वेळ आणि तुमच्या मोबाइलवरची वेळ एकाच फोटोत दिसतील असा फोटो काढून ठेवा. दोन्हींत सात मिनिटांचा फरक असेल तर तपासात त्या सात मिनिटांचा हिशेब लागतो. डीव्हीआर जुनं चित्रण पुसून नवं भरत असतो, म्हणून तो किती दिवसांचं ठेवतो हे आजच पाहून वॉचमनच्या टेबलावर लिहून ठेवा.