इंग्रजी व्हर्बचे प्रकार पाठ आहेत पण वाक्यात ओळखता येत नाहीत, काय करू?

तुम्ही विचारलंय की ट्रान्झिटिव्ह, इन्ट्रान्झिटिव्ह, ऑक्झिलरी, मोडल, लिंकिंग ही सगळी नावं व्याख्यांसकट पाठ आहेत तरी पेपरात वाक्य समोर आलं की गडबड होते, आणि एकाच व्हर्बला एकदा एक नाव आणि एकदा दुसरंच नाव कसं काय मिळतं. मी दहावीच्या आणि स्पर्धा परीक्षेच्या मुलांची इंग्रजीची शिकवणी घेते, आणि माझं स्पष्ट मत आहे की या याद्या पाठ करायला लावूनच मुलांचं नुकसान होतं. प्रकार शब्दाला कायमचा चिकटलेला नसतो, त्या वाक्यात तो शब्द जे काम करतोय त्यावरून ठरतो.

सुरुवात ट्रान्झिटिव्ह-इन्ट्रान्झिटिव्हपासून, म्हणजे सकर्मक (कर्म घेणारं) आणि अकर्मक (कर्म न घेणारं) यापासून करा, कारण ते मराठी माणसाला आधीच येत असतं, फक्त कोणी तसं सांगितलेलं नसतं. 'त्याने आंबा खाल्ला' पण 'तो झोपला', 'तिने पत्र लिहिलं' पण 'ती पडली'. भूतकाळात तो, ती, राम अशा कर्त्याला (मी, तू, आम्ही, तुम्ही सोडून, त्यांना 'ने' लागतच नाही) 'ने' लागला की क्रियापद सकर्मक, नाही लागला की अकर्मक, हे आपण शाळेत जायच्या आधीपासून बोलतो. शिकणे, विसरणे अशी थोडी क्रियापदं अपवाद आहेत (तो धडा शिकला, ती नाव विसरली), आणि 'उडी मारली', 'विचार केला' असं जोडून आलं की सावध राहायचं, कारण मराठीत तिथे 'उडी' हेच कर्म असतं पण इंग्रजीत 'ही जम्प्ड' म्हटलं की विषय संपला, पुढे कर्म नाही. एवढं सांभाळलं तर 'ने' ची कसोटी खूप कामाची आहे.

आता तुमच्या दोन नावांच्या शंकेचं उत्तर. 'त्याने ग्लास फोडला' आणि 'ग्लास फुटला', मराठीत फोडणे वेगळं आणि फुटणे वेगळं. इंग्रजीत दोन्हीकडे ब्रेकच! 'ही ब्रोक द ग्लास' मध्ये पुढे ग्लास हे ऑब्जेक्ट म्हणजे कर्म आहे म्हणून ट्रान्झिटिव्ह, 'द ग्लास ब्रोक' मध्ये पुढे काहीच नाही म्हणून इन्ट्रान्झिटिव्ह. ओपन, स्टॉप, मेल्ट, बर्न, असली कितीतरी व्हर्ब्ज दोन्हीकडे चालतात. म्हणून 'ब्रेक हे कोणत्या प्रकारचं व्हर्ब' हा प्रश्नच अर्धवट आहे, आधी वाक्य दाखवा मग सांगता येईल.

हे नुसतं मार्कांपुरतं नाहीये बरं का. 'वी डिस्कस्ड अबाऊट द प्रॉब्लेम' आपण सर्रास ऐकतो कारण डोक्यात 'प्रॉब्लेमबद्दल चर्चा केली' हे वाक्य चालू असतं, पण डिस्कस ट्रान्झिटिव्ह आहे, त्याला ऑब्जेक्ट थेट लागतं, मध्ये अबाऊट नको. तसंच 'सरांनी मला गणित समजावलं' याचं आपण 'सर एक्सप्लेन्ड मी द सम' करतो कारण 'गेव्ह मी अ बुक' चालतं ना मग हे का नाही, तर गिव्हला दोन ऑब्जेक्ट्स शेजारी शेजारी चालतात, एक्सप्लेनला चालत नाहीत, तिथे 'एक्सप्लेन्ड द सम टू मी' असंच म्हणावं लागतं. चेंज द व्हॉइसचा, म्हणजे कर्म पुढे आणून वाक्य पॅसिव्ह करण्याचा, प्रश्नही इथेच सुटतो, ऑब्जेक्टच नसेल तर पॅसिव्ह करताना पुढे आणणार कोणाला? 'ही स्लेप्ट' चं पॅसिव्ह शोधत बसू नका.

ऑक्झिलरी, म्हणजे मेन व्हर्बला मदत करणारं व्हर्ब, ओळखायचं तर वाक्याचा प्रश्न करा आणि उडी मारून कर्त्याच्या आधी, वाक्याच्या पुढे कोण येतं ते बघा. 'ही हॅज गॉन' चा प्रश्न 'हॅज ही गॉन', हॅज पुढे आलं म्हणजे ते ऑक्झिलरी. 'ही हॅज अ कार' चा प्रश्न मात्र 'डझ ही हॅव अ कार', इथे हॅव जागेवरच बसलं आणि डझला बोलवावं लागलं, म्हणजे इथे हॅव मेन व्हर्ब. सगळ्यात छान उदाहरण 'डिड यू डू युअर होमवर्क', एकाच वाक्यात डू दोनदा, पहिलं ऑक्झिलरी आणि दुसरं मेन. आणि भूतकाळ त्या डिडने आधीच उचललाय, म्हणून पुढे 'डन' नाही आणि 'डिड' पण नाही, साधं 'डू'. 'डिड यू वेन्ट' का चुकतं ते इथेच कळतं. अपवाद एकच लक्षात ठेवा, इज-ॲम-आर-वॉज-वेअर ही मंडळी मेन व्हर्ब असली तरी पुढे येतात, 'इज ही अ डॉक्टर'.

मोडल्स, म्हणजे शक्यता, परवानगी, सक्ती असं काही सांगणारी ऑक्झिलरी, सोपी आहेत. कॅन, कुड, मे, माइट, शॅल, शुड, विल, वुड, मस्ट ही मुख्य ९, त्यांना एस लागत नाही आणि पुढे व्हर्बचं मूळ रूप येतं, मध्ये टू नाही.

लिंकिंग म्हणजे कर्त्याला त्याच्या वर्णनाशी जोडणारं व्हर्ब, ते ओळखायला व्हर्बच्या जागी इज किंवा वॉज ठेवून बघा. 'द सूप स्मेल्स गुड', स्मेल्स काढून इज ठेवलं तरी वाक्य उभं राहतं, म्हणून लिंकिंग, आणि म्हणूनच पुढे वेल नाही तर गुड येतं कारण ते सूपचं वर्णन आहे. 'शी स्मेल्ड द सूप' मध्ये वॉज ठेवलं तर तीच सूप होऊन बसेल, म्हणजे इथे तिने खरोखर वास घेतला, ट्रान्झिटिव्ह.

स्टेटिव्ह, म्हणजे कृती नाही तर स्थिती सांगणाऱ्या व्हर्बकडे मात्र आपल्या लोकांनी जास्त लक्ष द्यायला हवं असं मला मनापासून वाटतं, कारण इंटरव्ह्यूमध्ये पहिल्या दोन मिनिटांत हेच कानाला खटकतं. 'आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स', 'आय ॲम नॉट अंडरस्टँडिंग'. दुसरं वाक्य कुठून आलं ते उघड आहे, आपण 'मला समजत नाहीये' म्हणतो आणि त्या 'नाहीये' मुळे आयएनजी लागतो. इंग्रजीत असणं, कळणं, आवडणं, माहीत असणं या स्थिती धरल्या जातात, म्हणून 'आय हॅव', 'आय डोन्ट अंडरस्टँड'. पण 'आय ॲम हॅविंग लंच' बरोबर आहे, कारण तिथे हॅव म्हणजे जेवणं, ती कृती झाली. परत तेच, शब्द तोच आणि काम वेगळं.

रेग्युलर (भूतकाळात ईडी लागणारी) आणि इर्रेग्युलर (रूपच बदलणारी) यांना घाबरू नका. रोजच्या वापरातलीच व्हर्ब्ज वाकडी असतात, गो-वेन्ट, कम-केम, डू-डिड, आणि मराठीतही जा-गेला, ये-आला, कर-केलं असंच आहे. सततच्या वापराने ती जुनी रूपं टिकली. हेल्पचं भूतकाळी रूप पूर्वी होल्प होतं, नंतर ते सरळ होऊन हेल्प्ड झालं. ही मात्र पाठच करावी लागतात, वाक्यात घालून केलीत तर लवकर बसतात.

अभ्यासाला लर्नर्स डिक्शनरी, म्हणजे इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी बनवलेला शब्दकोश, वापरा, साधी इंग्रजी-मराठी नको. तिच्यात व्हर्बपुढे टी किंवा आय असं लिहिलेलं असतं किंवा पूर्ण शब्द असतो, टी म्हणजे ट्रान्झिटिव्ह, आय म्हणजे इन्ट्रान्झिटिव्ह, आणि एकाच व्हर्बच्या वेगवेगळ्या अर्थांपुढे ही खूण बदलते. रन उघडून बघा, 'शी रन्स एव्हरी मॉर्निंग' पुढे आय आणि 'शी रन्स अ शॉप' पुढे टी दिसेल.