एका जिलबीने साडेचार किलो वाढतात का?

"मॅडम, बाकीच्यांचं वजन कमी झालं, मग माझंच का नाही?" हा प्रश्न माझ्याकडे इतक्या वेळा येतो की आता एक केस सांगूनच टाकते. ओळख पटेल असं सगळं बदललंय.

ताई पंचेचाळिशीच्या आसपासच्या, आल्या होत्या झोप लागत नाही म्हणून. दोन सेशन आम्ही झोपेवरच बोललो. तिसऱ्या वेळी पर्स उचलून उठल्या, दारापाशी गेल्या, एक विचारू का म्हणाल्या आणि परत येऊन बसल्या त्या तासभर. भिशीचे ३२ हजार एका स्लिमिंग सेंटरला भरले होते, घरात कोणालाच माहीत नाही, ह्यांना तर अजिबातच नाही. पॅम्फ्लेटवर लिहिलं होतं, व्यायाम नाही, उपाशी राहणं नाही, ३० दिवसात १० किलो कमी, गॅरंटी!

आणि गंमत म्हणजे पहिल्या आठवड्यात ३ किलो उतरलं पण. सोसायटीत सगळ्या विचारायला लागल्या, यांनी दोघींना सेंटरचा नंबरही दिला (हेच त्यांना सगळ्यात जास्त टोचत होतं, पैशापेक्षाही). मग काटा हलेना, आणि पुढच्या दीड महिन्यात गेलेले तीन परत आले, वर आणखी दीड. सेंटरवाली म्हणे, ताई तुम्ही चीटिंग केलं असणार. यांना लगेच आठवलं की एका बारशाला जिलबी खाल्ली होती. आता एका जिलबीवर साडेचार किलोचा आळ, आणि बाई तो मान्य करून रात्ररात्र जागी!

मी कागद घेतला. भात-पोळी बंद केली की आधी शरीरात साठलेलं ग्लायकोजेन (म्हणजे साखरेचा राखीव साठा) वापरलं जातं, त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर साधारण ३ ग्रॅम पाणी धरलेलं असतं, ते पाणी निघून जातं आणि काटा झरझर खाली येतो, पोळी सुरू केली की पाणी परत. शिवाय पहिलं वजन घेतलं होतं संध्याकाळी, जेवूनखाऊन, नंतरची सगळी सकाळी उपाशीपोटी, हे त्यांना बोलता बोलता आठवलं. मग चरबीचा हिशोब. १ किलो चरबी म्हणजे अंदाजे ७७०० कॅलरी, १० किलो ३० दिवसात घालवायची तर रोज अडीच हजाराच्या वर कॅलरी कमी पडायला हव्यात, आणि त्यांच्या वयाच्या, घरकाम करणाऱ्या बाईचं शरीर दिवसभरात बहुतेक वेळा तेवढं खर्चच करत नाही.

ताई बघत राहिल्या. "म्हणजे महिनाभर काहीच खाल्लं नसतं तरी दहा किलो चरबी गेली नसती?"

नसती गेली.

थायरॉइड एकदा तपासून घ्या म्हणून मी डॉक्टरांकडे पाठवलं, ते वेगळं. मी वकील नाही, पण एवढं माहीत होतं की २०२२ पासून केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाचे दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दलचे नियम आहेत, त्यात अटींची ओळ दाव्याच्याच भाषेत आणि त्याच फॉन्टमध्ये हवी असं म्हटलंय. पॅम्फ्लेट पर्समध्येच होतं. दावा मराठीत, ठळक लाल अक्षरात, आणि तळाला मुंगीएवढ्या इंग्रजीत 'प्रत्येकाचा रिझल्ट वेगळा असू शकतो'. ती ओळ चष्मा लावून मलाही दोनदा वाचावी लागली.

मी १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबर दिला, पावती आणि व्हॉट्सॲपवरचे मेसेज डिलीट करू नका म्हटलं. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जावं लागतं आणि ५ लाखापर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, हेही सांगितलं. त्या म्हणाल्या, बघते. मला वाटलं, जाणार नाहीत. खरं सांगायचं तर बऱ्याच जणी जात नाहीत, कारण तक्रार करायची म्हणजे आपण जाड आहोत आणि फसलो हे चार लोकांत कबूल करायचं.

पुढच्या वेळी आल्या त्या वेगळ्याच मूडमध्ये. ज्या दोघींना नंबर दिला होता त्यांना आधी फोन केला म्हणे, माफी मागायला. एकीने पैसे भरलेच नव्हते. दुसरीने २८ हजार भरलेले, तिचंही उतरून परत चढलं, आणि तीही महिनाभर गप्प, कारण सेंटरने तिला सांगितलं होतं की तुम्ही डिंकाचा लाडू खाल्लात म्हणून झालं.

तक्रार दोघींनी मिळून केली.